आठवी होडी

मार्चमधला मंगळवार. कॅफेटेरियातले सगळे दिवे लावलेले,
टेबलांना अजून दुपारच्या टोमॅटो सॉसचा वास.
बाहेर प्लॅट नदीवर क्रौंच उतरताहेत हजारोंनी,
आणि आत सत्तावीस पालक
तिसरीच्या पोरांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन.

मी म्हटलं, चौदा एप्रिलपासून परीक्षा.
तीन दिवस. सकाळी नऊला. घाबरायचं काही नाही.
हे शेवटचं वाक्य मी बावीस वर्षं म्हणतेय,
आणि दर वर्षी ते ऐकल्यावरच लोक घाबरतात.

वाक्य माझ्या तोंडून निघालं
आणि तीन टेबलांकडे तीन वाटांनी गेलं :
स्पॅनिश, सोमाली, कॅरेन.
मधल्या टेबलापाशी ते ठेचकाळलं.
सगलच्या आईने, इदिलने, पर्समधून फाइल काढली,
प्लास्टिकच्या कव्हरातली, कोपरे झिजलेली,
आणि माझ्यापुढे धरली :
फोटो, शिक्के, दहा बोटांचे ठसे.
दुभाष्या मुलगा कानापर्यंत लाल झाला.
त्याच्या हाती शब्द लागला होता तपासणीचा.

परीक्षा, चाचणी, कसोटी, तपासणी.
वर्गात बसून पाहिलं तर सख्ख्या बहिणी.
रांगेत उभं राहून पाहिलं
तर त्यातली एक बूट काढायला लावते.

मी पत्रक पुढे वाचलं.
नऊ तास झोप. पोटभर न्याहारी. सकाळी घरात शांतता.
एलिओदोरोने हात वर केला, पायांत अजून रबरी गमबूट :
बाई, मी सहाला मांसाच्या कारखान्यातून येतो,
बायको सहालाच जाते. आमची भेट दारात.
येसेनियाची न्याहारी कोणाच्या पाळीत धरायची?
सगळे हसले. मीही हसले,
मग पत्रकाच्या कडेला पेनने लिहिलं :
शाळेत सातपासून दूध, केळी. फुकट.
इतकी वर्षं हे छापायचं कसं राहिलं कोण जाणे.

शेवटी नमुन्याचा एक प्रश्न, पडद्यावर :
तळ्याकाठी सहल. मुलं एकोणतीस.
एका होडीत चार बसतात. होड्या किती लागतील?
मी समजावलं, इथेच पोरं चुकतात.
भागाकार करतात, सात लिहितात, बाकी एक,
आणि पेन्सिल खाली ठेवतात.
त्या बाकी उरलेल्या एकाचं काय?

मागच्या टेबलावरून नॉ मू पॉ बोलली.
एह क्लूची आई. तीन वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.
दुभाष्या बाई जरा थांबून म्हणाल्या :
ती म्हणते, उत्तर आठ आहे हे तिला कळतं.
पण त्यांच्या नदीवर होड्या सातच होत्या.

कोणाची खुर्ची वाजली नाही.
मी फळ्यावर आठ लिहिलं होतं,
खडू हातातच राहिला.
तिने मात्र घडी केलेलं पत्रक पिशवीत टाकलं,
दोन पेन्सिली मोजून घेतल्या
आणि विचारलं, खोडरबर घरून आणायचं का?

चौदा एप्रिल.
नियमाप्रमाणे मी बाकांमधून फिरते,
बोलायचं नाही, खुणावायचं नाही.
एह क्लू सतराव्या प्रश्नावर. प्रश्न अंड्यांच्या खोक्यांचा,
पण कच्च्या कागदावर त्याने होड्या काढल्यात,
एकीखाली एक, पाणीसुद्धा,
आणि सगळ्यांत खाली एक, जिच्यात एकच माणूस,
तीन जागा रिकाम्या, वल्ही दोन.

मी पुढच्या बाकाकडे गेले.
दहाला पाच कमी होते.